मागल्या तारखेची सोयरीक

चन्नवीर टायपिस्टाला सोलापुरात न ओळखणारा माणूस मला तरी भेटला नाही. कोर्टाबाहेर लिंबाखाली त्याचं टेबल. खिशाला दोन पेनं, एक लिहायला, एक दाखवायला. घरात कानडी, बाजारात मराठी आणि रागावला की इंग्रजी. इंग्रजी शब्द तो बायका इरकल निवडतात तसा निवडायचा: घडी मोडायची, उजेडात धरायचा, काठ बघायचा आणि शेवटी पहिलाच घ्यायचा. तोवर अर्जदाराचे दोन चहा व्हायचे. मी शेजारच्या बाकावर. कोर्टात काम नसताना कोर्टात बसण्यासारखं सुख नाही, हे वकिलांना कधी कळणार नाही.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. शेंगांचा व्यापारी गुरुबसप्पा, त्याची थोरली महादेवी. तिची सोयरीक कुर्डुवाडीच्या वीरभद्रप्पांच्या मुलाशी ठरली, सुपारीही फुटली. वीरभद्रप्पा रेल्वेतले रिटायर हेडक्लार्क. नोकरी सुटली तरी फाइल सुटली नव्हती. गुरुबसप्पानं हौसेनं व्याह्यांना शेंगाचटणीचा डबा धाडला. व्याह्यांची पोच आली: 'चटणी मिळाली. कुटताना साल राहिले आहे. पुढील वेळी दक्षता घ्यावी.'

झालं! गुरुबसप्पा तावातावानं लिंबाखाली.

"चन्नवीर, मोड!"

"काय मोडू, आप्पा?"

"सोयरीक! अन् इंग्रजीत मोड. मराठीत मोडली तर माणूस मनवायला येतंय."

चन्नवीरनं 'कॅन्सल' घातला. पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं.

आता राग उतरला की माणसाला घर दिसायला लागतं. गुरुबसप्पाला दिसलं की बायको बोलत नाही. आणि महादेवीला पोरगा मनापासून आवडला होता, हे त्याला भांडी आपटण्याच्या आवाजावरून कळलं. पुन्हा स्वारी लिंबाखाली. या खेपेला आवाज मऊ.

"ते पत्र परत फिरवायचंय की रे."

"विथड्रॉ घालू?"

"म्हंजे?"

"दिलं होतं, आता परत घेतो."

"दिलं होतं हे कशाला सांगतोस? मला न दिल्यासारखं पायजे. चटणी गेली, पोच आली, मी गप बसलो. असं."

"मग रिव्होक?"

"त्यानं काय होतंय?"

"आजपासून पत्र बंद. कालपर्यंत चालू."

"आन् कालपर्यंत माझी पोर कुणाची?"

चन्नवीर खुलला. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. म्हणाला, "आप्पा, तुम्हाला मागल्या तारखेपासून पायजे. त्याला दोन शब्द हायत. रिट्रोस्पेक्टिव्ह आन् रिट्रोअॅक्टिव्ह. एक मागं वळून बघतंय, दुसरं मागं जाऊन हात घालतंय."

"हात घालणारं दे."

"पण कोर्टात बघणारंच चालतंय. वजन त्यालाच."

दोन चहा झाले. 'बघणारं' ठरलं. सोयरीक मोडल्याचं पत्र मुळापासूनच रद्द, विथ रिट्रोस्पेक्टिव्ह इफेक्ट. तेही रजिस्टर गेलं.

उत्तराऐवजी खुद्द वीरभद्रप्पाच गुरुबसप्पाला घेऊन लिंबाखाली आले. काखेत छत्री, छत्रीखाली फाइल. "सोयरीक आम्हाला मान्य आहे," ते म्हणाले, "हा शब्द मान्य नाही. आजपासून करा."

"का बरं?" गुरुबसप्पा म्हणाला.

"कार्यालयीन अडचण आहे."

मला ती अडचण माहीत होती. माझा साडू अक्कलकोटला राहतो आणि त्याला माझ्याइतक्याच चौकशा. मी बाकावरूनच विचारलं, "वीरभद्रप्पा, अक्कलकोटचा सुसला कसा होता? चुरमुरे कुरकुरीत होते का भिजलेले?"

त्यांची छत्री पडली. पहिलं पत्र मिळाल्यावर रागाच्या भरात ते पोराला घेऊन अक्कलकोटला दुसरी मुलगी बघायला, म्हणजे कांदेपोह्यांच्या जागी सुसला खायला, गेले होते! आता पहिलं पत्रच कधी नव्हतं म्हटलं तर?

गुरुबसप्पाच्या ते बरोबर ध्यानात आलं. "सुपारी फुटलेलं पोरगं दुसरीकडं सुसला खातंय? चन्नवीर, मोड!"

"अहो, तुम्हीच कॅन्सल केलं होतं की!"

"ते रिट्रोस्पेक्टिव्ह झालं की! म्हंजे केलंच न्हाय!"

चन्नवीर हळूच म्हणाला, "कायद्यानं आप्पांचं बरोबर हाय." आणि त्यानं खरोखरच नवा कागद चढवला. महादेवी वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन आली ती नेमकी तेव्हा. कागद बघितला आणि पोरीचा चेहराच उतरला. पण डबा तिनं आदळला नाही. टेबलावर ठेवला आणि सरळ होणाऱ्या सासऱ्यालाच विचारलं, "मामा, पसंत केली का त्यांनी?"

वीरभद्रप्पांचा आवाज प्रथमच फाइलीबाहेर आला. "कसली पसंत, पोरी! मी ओढून नेलं त्याला. बशीला हात लावला नाही. येताना गाडीत बोलला नाही. अजून बोलत नाही माझ्याशी."

महादेवीनं पदर तोंडावर धरला. मला वाटलं रडते. हसत होती.

"चन्नवीरकाका, लिहा. आप्पांचं पत्र खरं. अक्कलकोटपर्यंत खरं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून रद्द."

मी मनातल्या मनात जुळवून बघितलं. आप्पांचा राग आप्पांच्या नावावर राहिला, सुसला कायदेशीर झाला, आणि त्यानंतर पोरगा पुन्हा हिचा. वीरभद्रप्पांनी 'विथ इफेक्ट फ्रॉम' असं दोनदा म्हणून बघितलं आणि खूश होऊन मान हलवली.

चन्नवीर मात्र हिरमुसला. "नुसतीच तारीख? मोठा शब्द एकपण न्हाय?"

"घाला की एखादा," महादेवी म्हणाली. "पण हे पत्र पोस्टानं जायचं न्हाय. ज्याला पायजे त्यानं येऊन न्यावं."

सोमवारी पोरगा कुर्डुवाडीहून पहिल्या गाडीनं आला. लिंबाखाली पत्र हातात घेतलं, पाय गुरुबसप्पाच्या दुकानाकडं. चन्नवीरनं कुठला शब्द घातला होता हे मी पोराला विचारलं. लाजून म्हणाला, "तात्या, वाचलंच न्हाय की मी."