डोकं वाचवायच्या गोळ्या

खोपटला एसटी डेपोजवळ माझं औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं गल्ल्यावर बसून माणसाची जीभ फटकळ होते, तशी माझीही झाली. लोक हसण्यावारी नेतात, म्हणून मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

त्या वर्षी दहीहंडीच्या महिनाभर आधी आमच्या गल्लीतल्या मुलींच्या गोविंदा पथकाची ताई दुकानात आली. थर लावायला तीच शिकवायची. म्हणाली, "काका, डोक्याला मार लागायच्या आधीच घ्यायची, मेंदू वाचवणारी गोळी आलीय ना? मोबाइलवर वाचलं मी, फॉरेनला सैनिकांवर ट्राय करतायत."

नुसते प्रयोग चालू आहेत, अशी गोळी कुठल्याच दुकानात मिळत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण गिऱ्हाईकं खोळंबली होती आणि ही हटून बसलेली. मी ब्राह्मीच्या गोळ्यांची बाटली पुढे केली. म्हटलं, "घे गं बाई. तुमच्या डोक्यात आहेच काय एवढं वाचवण्यासारखं?" ती हसली. मागची माणसंही हसली. मला बरं वाटलं.

तिला गंमत कळली असेल, असं मी धरून चाललो. तिने मात्र रोज सरावाआधी एकेकीच्या हातावर गोळी ठेवली, प्रसादासारखी. सगळ्यांत वर चढणारी मुलगी नुकतीच अकरावीत गेलेली, अंगाने काडी. तिचं हेल्मेट डोळ्यांवर घसरायचं. ताई तिला म्हणाली, "सरावाला राहू दे, गोळी घेतलीयस ना? हंडीच्या दिवशी घाल." हे मला नंतर ताईनेच रडत सांगितलं. सरावातच थर कोसळले तेव्हा पोरीचं डोकं गादीच्या बाहेर, फरशीवर आपटलं.

ती वाचली. पण डाव्या हातात पेला धरता येत नाही, बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सुटतं, मधूनच फिट येते. फिटच्या गोळ्या तिची आई माझ्याकडूनच नेते. दर महिन्याला मी ठरवतो, आज खरं सांगून टाकायचं. तोंड उघडत नाही. फटकळ म्हणे! मला माझीच किळस येते.

मागच्या खेपेला गोळ्या पिशवीत टाकताना आई थांबली. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, एवढ्या माराने जगली हेच खूप. भाऊ, तुमच्या त्या गोळ्या चालू होत्या म्हणूनच ना? एक दिवस चुकवली नव्हती तिने."

मी "हो" म्हणालो. तिने मला हात जोडले.