पंपातले नुसते पाणी

दिनांक १४ ऑगस्ट १९७१ रोजी कोंडाजी ठोंबरे याने आमच्या सोसायटीत सात रुपये नव्वद पैसे भरले. तणनाशकाचे सहा रुपये चाळीस पैसे आणि पाठीवरच्या पंपाचे एका दिवसाचे भाडे दीड रुपया. खालापूरजवळच्या आमच्या गावात तणावर औषध मारणारा तो पहिला. भातातले रुंद पानांचे तण आठ दिवसांत पिळवटून बसले आणि भाताला काही झाले नाही. तेव्हापासून पंप त्याच्याकडेच राहू लागला. चिखलात पाऊल जपून टाकणारा, औषध न सांडणारा माणूस म्हणून फवारायला सगळे त्यालाच बोलावत. मजुरी विचारली तर म्हणे, "चहा ठेवा."

भात निघाले, त्याच शेतांत वाल आले. डिसेंबरअखेर गौराबाईंच्या वालावर मावा पडला. कोंडाजीने पंप ओढ्यावर तीनदा विसळला, माव्याचे औषध भरले आणि पाच गुंठे फवारून दिले. चौथ्या दिवशी वालाचे शेंडे वाकडे झाले, पाने आक्रसली, फुले गळाली.

गौराबाईंनी दोष धाकट्या जावेला दिला. आनंदीबाई आदल्या आठवड्यात बांधावर उभी राहून म्हणाली होती, "बाय गं, किती फुललाय!" तेवढे पुरले. दोघींची विहीर एकच. तिथे गौराबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलत, "लोकांचे डोळे नाय, निखारे हायत." आनंदीबाई विहीर सोडून ओढ्याचे पाणी आणू लागली.

कोंडाजीला कुणी काही म्हटले नव्हते. पण तसे वाकडे शेंडे त्याने ऑगस्टमध्ये पाहिले होते, भातातल्या तणाचे. त्याने पंपात नुसते पाणी भरले, रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी आपल्या वालाच्या चार ओळींवर मारले.

"आवो, पान्यानं कुठं मावा मरतो?" त्याची बायको सोनाबाई ओरडली.

"मावा नाय मारीत. पंप बघतोय."

पाच दिवसांनी चारही ओळींचे शेंडे वळले. शेजारच्या ओळी सरळ होत्या.

तो तडक गौराबाईंच्या अंगणात गेला. सोसायटीचा चिटणीस म्हणून सभासदांच्या सह्या घेत मी तिथेच बसलो होतो.

"वयनी, दृष्ट नाय लागली. माझ्या पंपानं मारला तुमचा वाल. तणाचं औषध नळीत मुरलं व्हतं."

"कोन सांगतं?"

"माझ्या चार वळी सांगतात. चला, दावतो."

गौराबाई म्हणाल्या, "आन मी त्या आनंदीला पंधरा दिस..."

"ते तुमी तिला सांगा. किती वाल झाले असते ते मला सांगा."

"धा पायली." मग आपणच कमी करत, "आठ म्हन."

"धा म्हनलात ना? धाच."

त्या संध्याकाळी मी सोसायटीचे कपाट उघडले. तणनाशकाच्या डब्याबरोबर आलेला इंग्रजी कागद घडीही न मोडता तिथे पडला होता. पंप धुण्याच्या सोड्याने धुवावा, शेंगवर्गीय पिकांना वापरू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मी कोंडाजीला ते वाचून दाखवले आणि निम्मे वाल विकत घेऊन देतो म्हणालो.

"भाऊसाहेब, पंप माझ्या पाठीवर व्हता," तो म्हणाला. "तुमी कागद वाचत जा म्हंजे झालं."

गौराबाई आनंदीबाईच्या दारी गेल्या. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी दोघी विहिरीवर दिसल्या. आनंदीबाई म्हणत होती, "माझी नजर पडंल गं, हंडा फुटंल तुझा!"

फेब्रुवारीत कोंडाजीने पाच पायली मोजून दिले, पुढच्या वर्षी तीन. त्या वर्षी त्याच्याही वालावर मावा पडला होता. भाताखेरीज कशालाच तो आता पंप लावत नाही. त्याने राख टाकली आणि पीक कमी आले. गौराबाईंना दोन पायली वाल अजून द्यायचे आहेत.