गॅलनला चाळीस मैल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दादा गेला तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण गळा काढून नाही. मला तसं रडता येत नाही.

माझा डावा पाय लहानपणीच गेला. चौलहून अलिबागच्या शाळेत शिकवायला मी टांग्याने जायची. चढताना एकाचा हात, उतरताना दुसऱ्याचा. रोज कुणीतरी मला उचलून ठेवायचं – पोतं ठेवावं तसं. मग आफ्रिकेतल्या मामाने मोटारगाडी पाठवली. एवढीशी, बसकी, क्लच नसलेली. उजव्या पायाने चालायची. मी एकटी बसायची, एकटी निघायची. तुम्ही दोन पायांवर चालता, तुम्हाला कसं सांगू ते काय होतं?

दादाला ती पहिल्या दिवसापासून नको होती. "असली गाडी पेट्रोल पिते, मालू. विकून टाकू."

"गॅलनला चाळीस मैल देते," मी म्हटलं. गाडीबरोबरच्या पुस्तकात तसंच छापलं होतं. आमच्या रस्त्यावर, खड्ड्यांतून, ती वीसच्या वर कधी गेली नाही. मी गुपचूप जास्तीचं पेट्रोल भरायची आणि घरी चाळीस सांगायची. या खोट्याची मला लाज वाटत नाही. आजही नाही. खरं बोलले असते तर गाडी गेली असती. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा चाळीसच सांगेन.

पण सांगायचं आहे ते हे नाही.

आमच्या शेजारी रामा राहायचा. पूर्वी ट्रकवर होता, दादाला कुठे जायचं असलं की गाडी तोच चालवायचा. एका रविवारी कोळीवाड्यातल्या काशिनाथचा हात होडीच्या दोरात सापडून चिरडला. गावच्या डॉक्टरांनी जखम बांधली आणि सांगितलं, आजच्या आज मुंबईला न्या. म्हणजे रेवसला दुपारची लाँच गाठायची. काशिनाथला मागच्या सीटवर आडवा केला, त्याची बायको डोकं मांडीवर घेऊन बसली. धक्क्यावर त्याला उचलून उतरवायला माझा उपयोग नव्हता, म्हणून गाडी रामाच्या हाती दिली.

गाडीचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. रामाने विचारलं, "बाई, टाकीत किती हाय?"

"गॅलनभर असेल."

"मंग अलिबागला पंपावर थांबू? पुरंल का न्हाय?"

दादा शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघत होता. मला ठाऊक होतं, पुरणार नाही. रेवस तेवीस मैल. एक शब्द पुरे होता – थांब. पण मग दादाने तिथल्या तिथे हिशेब केला असता ना?

"कशाला थांबतोस? लाँच चुकेल," मी म्हटलं. "चाळीस देते ती. जा."

मांडव्याचा फाटा मागे टाकल्यावर गाडी बंद पडली. रामाने धावत जाऊन बैलगाडी आणली, पण ती धक्क्यावर पोचेस्तोवर लाँच पाण्यात लांब गेली होती. दुसऱ्या दिवशी मुंबईत काशिनाथचा हात मनगटापासून काढला. काल आला असता तर वाचवला असता, असं डॉक्टर म्हणाले – त्याच्या बायकोने हे आमच्या अंगणात येऊन सांगितलं. सगळ्यांसमोर.

दादाने रामाला विचारलं, "गॅलनभर होतं. निम्मं तरी उरायला हवं. पेट्रोल गेलं कुठं?"

रामाला प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी तरी सांगा ना."

मी बोलले. गप्प बसले असते तर निदान भित्री ठरले असते. मी बोलले – स्पष्ट, वर्गात बोलते तशी.

"मी दिली तेव्हा टाकीत पुरेसं होतं. वाटेत कुणी काढलं, मला काय माहीत?"

काशिनाथची बायको रामाच्या पायाशी थुंकली. त्याने गाडीची चावी ओट्यावर ठेवली आणि तो गेला. त्यानंतर चौलात कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. लोक त्याला 'पेट्रोल' म्हणून हाक मारायला लागले. पोरंटोरंसुद्धा. मला ते शाळेतून येताना ऐकू यायचं.

दादाने गाडी विकली नाही. पुढे कित्येक वर्षं मी ती चालवली, आणि आवडीने चालवली. तेही सांगून टाकते.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता रामा गाव सोडून पेणकडे मिठागरावर कामाला निघाला. डोक्यावर ट्रंक, मागे बायको, तिच्या कडेवर मूल. मी शाळेत निघाले होते. रस्ता अरुंद होता आणि तो मधून चालला होता.

मी हॉर्न वाजवला. तो बाजूला झाला. मी पुढे गेले.