आर्वीकडचा दुसरा मुक्काम

ऐंशी सालच्या आगेमागे मी वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. सिंदी मेघेत एक खोली भाड्यानं घेतली होती. शाळेत माझ्या दोन मैत्रिणी होत्या. एक गणित शिकवायची, दुसरी शिवण. गणितवाली भावाकडे राहायची आणि दिवसभर बोलायची. शिवणवाली कमी बोलायची. ती नवऱ्याचं घर सोडून आली होती, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. पुढचं तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गणितवालीच्या भावाची जीप तीन दिवस मोकळी राहणार होती. ड्रायव्हर त्यांच्याकडे वीस वर्षांचा जुना, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. तीन बायांनी जीपनं हिंडायचं, दोन रात्री बाहेर काढायच्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. घरच्यांची परवानगी काढायचं काम गणितवालीनं घेतलं आणि बाकी सगळं माझ्यावर सोपवलं, कारण भूगोल माझा.

मला ते काम आवडलं. वहीच्या मधल्या जोडपानावर जिल्हा काढला, रस्ते काढले. पहिल्या दिवशी पवनार, सेलू, हिंगणी करत बोर धरण, आणि तिथल्या विश्रामगृहात मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंजी, खरांगणा करत आर्वी. आर्वीत गणितवालीची मावशी होती, तिथं दुसरा मुक्काम. तिसऱ्या दिवशी पुलगाववरून परत. विश्रामगृहाच्या परवानगीसाठी मी कचेरीत तीनदा गेले. तिथल्या बाबूनं संगं गडीमाणूस कोण आहे ते विचारलं, तेव्हा मी काकांचं नाव लिहून दिलं.

वही दाखवली तेव्हा शिवणवाली बराच वेळ त्या नकाशाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, आर्वीत राहण्यापेक्षा थोडं पुढं नदीकाठच्या एका गावात राहू. तिथून कौंडण्यपूर जवळ पडतं, आणि तिच्या ओळखीचं एक घर आहे. गावाचं आणि घराचं नाव तिनं सांगितलं. तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं, म्हणून मी लगेच आर्वी खोडून ते गाव लिहिलं. गणितवालीला मावशीच्या घरचा जाच नकोच होता. तिनं हो म्हटलं.

मी पद्धतशीर मुलगी होते. कोणाच्या घरी रात्रीला उतरायचं तर आगाऊ कळवायला नको का? सोमवारी मी त्या घरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. आम्ही तिघी शिक्षिका अमुक दिवशी संध्याकाळी पोचतो, तुमच्या ओळखीच्या या बाई आमच्यासोबत आहेत, त्रासाबद्दल क्षमा असावी. शिवणवालीचं नाव मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

गुरुवारी तिच्या खोलीवर गेले. ती मशीनवर बसून फ्रॉकला लेस लावत होती. पलंगावर तसलेच आणखी दोन फ्रॉक होते. तेच निळं कापड, तीच पांढरी लेस, फक्त मापं वेगळी. एक लहान, एक मधला, एक मोठा. कोणाचे म्हणून मी सहज विचारलं.

तिनं मशीन थांबवलं. "माह्या पोरीचे," ती म्हणाली. "आता केवढी झाली मले ठाऊक नाई. चार वर्सं झाले पाह्यली नाई."

मग तिनं सगळं सांगितलं. ते ओळखीचं घर म्हणजे तिचं सासर; शाळेत ती माहेरचं आडनाव लावायची, म्हणून मला कळलं नव्हतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि तो चंद्रपूरकडे नोकरीला होता. मुलगी आजीजवळ राहायची. ही दोनदा भेटायला गेली होती. दोन्ही वेळा आधी पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा मुलगी गावात नव्हती. एकटी न कळवता गेली तर दारातूनच लोटतील, ही तिला भीती. सोबत दोन शिक्षिका, जीप, ड्रायव्हर असले तर चार लोकांदेखत म्हातारी दार लावणार नाही, असा तिचा हिशेब.

"यावेळेस चिठ्ठी-बिठ्ठी काही नाई धाडली," ती म्हणाली.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या हातानं पुसायचा धीर मला झाला नाही. मी म्हटलं, फ्रॉक छान झालेत. आणि चहा न घेता निघाले.

पुढचे दोन दिवस मी स्वतःला समजावत होते. खेड्यावर डाक आठवड्यातून दोनदाच जाते. दिवाळीच्या गर्दीत एखादं कार्ड मागं पडतं. पत्ता तरी कुठं पुरता होता? शनिवारी मी डाकघरातही गेले. खिडकीमागच्या माणसानं सांगितलं की टाकलेलं पत्र परत मिळत नसतं. मी घरी येऊन पिशवी भरली.

रविवारी आम्ही बोरला गेलो. धरण भरलेलं होतं. पलीकडं साग, आणि पाण्यावर बगळे. खानसाम्यानं तुरीची डाळ आणि भाकरी केली. गणितवाली गाणी म्हणत होती, आणि शिवणवालीही त्यात आवाज मिसळत होती. ती मला म्हणाली, तुझ्यामुळंच हे जमलं. मी ताट घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी खरांगण्याच्या पुढं तिनं गणितवालीलाही सगळं सांगितलं. तिनं शिवणवालीचा हात धरून ठेवला. काकांनी गाडी जरा जोरात घेतली.

ऊन उतरायच्या आत आम्ही त्या गावात पोचलो. घर मातीचं, पण नीट सारवलेलं. म्हातारी ओसरीवर तूर निवडत बसली होती. ती ओरडली नाही, दारही लावलं नाही. या म्हणाली, सतरंजी टाकली, पाणी दिलं. सुनेकडं तिनं एकदा पाहिलं, मग आम्हा दोघींशीच बोलू लागली.

शिवणवालीनं विचारलं, पोरगी कुठं आहे?

"थे तं आत्याकडे गेली परवा, मोर्शीले," म्हातारी म्हणाली. आणि माझ्याकडं वळून पुढं म्हणाली, "तुमची चिठ्ठी भेटली होती नं बाई. बरं केलं कळवलं. म्हणून तं चार घरी सांगून दूध ठेवलं."

शिवणवालीनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पण मला सगळं वाचता येईल तेवढा.

मग तिनं पिशवीतून तिन्ही फ्रॉक काढले आणि सतरंजीवर मांडले. तूर असलेलं सूप बाजूला ठेवून म्हातारीनं मधला फ्रॉक उचलला, स्वतःच्या छातीशी धरला, आणि म्हणाली, "हा व्हते. माह्या कोपरापर्यंत येते आता." बाकी दोन तिनं घडी घालून परत दिले. तेवढं करताना तिचा आवाज मऊ झाला होता. पण मोर्शीचा पत्ता तिनं दिला नाही.

आम्ही जेवायला थांबलो नाही. दिवेलागणीला आर्वीत मावशीकडं पोचलो. मावशीनं न कळवता आल्याबद्दल चार शब्द सुनावले आणि भात टाकला.

सकाळी शिवणवाली मागच्या अंगणात तोंड धूत होती. मी जवळ गेले आणि कार्डाचं सांगितलं, सोमवारी टाकलं ते, तुझं माहीत नव्हतं तेव्हा.

ती चेहरा पुसत म्हणाली, "टाकलं तं टाकलं. तुले काय माहीत. पण गुरवारी मले सांगतलं काऊन नाई? मी त्याच रोजी एस.टी.नं गेली असती. पोट्टी तं शनिवारपर्यंत घरीच होती."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी सगळे रस्ते काढले होते, सगळी अंतरं लिहिली होती, आणि वर्ध्याहून आर्वीला दिवसातून किती गाड्या जातात हे मला तोंडपाठ होतं.

कौंडण्यपूरला आम्ही गेलो नाही. पुलगावहून वर्ध्यापर्यंत काका एकटेच बोलत होते, कपाशीबद्दल.

शाळेत ती माझ्याशी भांडली नाही. तासांची अदलाबदल करायची, खडू मागायची, डब्यातली चटणीही पुढं करायची. पण तिच्या खोलीवर ये असं ती पुन्हा म्हणाली नाही. दोन वर्षांनी तिनं हिंगणघाटला बदली मागून घेतली. तिथून ती दर महिन्याला त्या गावी जाते, कोणाला न कळवता, आणि आता म्हातारी तिला शाळेच्या सुट्टीपुरतं मुलीला भेटू देते, हे मला गणितवालीकडून कळायचं. म्हातारी वारल्यावर मुलगी कायमची तिच्याकडं आली.

दशक संपता संपता एकदा वर्ध्याच्या बस स्थानकावर त्या दोघी मला दिसल्या. मुलगी आईपेक्षा उंच झाली होती, खांद्यावर कॉलेजची झोळी. मला वळून जाता आलं असतं, पण शिवणवालीनंच हाक मारली. तब्येत विचारली, सिंदी मेघेतच राहतेस काय म्हणून विचारलं. मुलगी आमच्याकडं बघत होती, तेव्हा ती तिला म्हणाली, "ह्या माह्यासंगं शाळेत होत्या."

हिंगणघाटची गाडी लागली. मुलीनं आईच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी गर्दीतून चढून गेल्या.