खिडकीपर्यंतची पावलं
दवाखान्याच्या कोपऱ्यातला जुना वॉकर पुसायला घेतला की मला ती गायिका आठवते. राजारामपुरीत मी नुकताच फिजिओथेरपीचा दवाखाना सुरू केला होता. तिच्या एका नाचाच्या गाण्याशिवाय कोल्हापुरात वरात हलत नव्हती, आणि तीच बाई गाडीवरून पडून पाय मोडल्यापासून पाऊल टाकायला घाबरत होती. हाड जुळलं होतं, पायात ताकद आली होती, पण वॉकर सोडा म्हटलं की म्हणायची, "न्हाय पोरी, पडीन की मी." त्या दुपारी मलमाचा उग्र वास कोंडला होता म्हणून मी खिडकी उघडली, तर खालून एक वरात येत होती. बँडवर तिचंच गाणं, पण इतकं रेंगाळलेलं की पोरं नाचायचं सोडून घाम पुसत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय लावलंय ह्ये?" म्हणत ती उठली, लंगडत खिडकीशी गेली आणि खाली ओरडली, "अवो बँडवाले, लगीन हाय का मयत? उचला की जरा!" मग स्वतःच वरून गायला लागली, त्याच पायानं ठेका धरत. खाली ताशा तिच्या लयीत आला, नवरदेवसुद्धा घोड्यावरून उतरून नाचला. गाणं संपल्यावर तिनं मागं पाहिलं. वॉकर खाटेपाशीच होता. "आता परत कशी येऊ गं?" तिनं विचारलं. "गेलात तशाच," मी म्हणाले. ती हसत आली, कमरेला एक झटका देत. आजही कुणी पहिल्या पावलाला अडलं, की मी आधी खिडकी उघडते.