कोपरावरचा लाल बाण

"अहो, पण बाण कशाला काढलात?"

"बाण नाही काढला तर दिसणार कसं?"

"दिसू नये म्हणूनच तर लोक माझ्याकडे येतात!"

"अगं, मग जाहिरात कशाची करायची? नुसत्या काळ्या बाहीची?" यजमानांनी मोबाइल बायकोच्या नाकासमोर धरला. "हे बघ. आधी मी बिनबाणाचाच फोटो टाकला होता. खाली लोकांनी काय लिहिलंय? 'काका, चुकून टाकला का?' 'काका, यात बघायचं काय?' एकानं तर कोट कितीला देणार म्हणून विचारलंय. मग मी बाण काढला. लाल. भोवती गोल. संध्याकाळपर्यंत चारशे लाइक!"

"म्हणजे चारशे जणांना कळलं की वकिलांच्या कोटाला कोपरावर भोक होतं."

"वकिलांचं नाव कुठे घातलंय मी?"

"नाव कशाला हवं? बटणं आलीयत ना सगळी! तसली शिंगाची बटणं आणखी कुणाच्या कोटाला आहेत इथे?"

सासूबाई खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. लेकाची बाजू सावरायची संधी त्या सहसा सोडत नसत. "बटणं मात्र छान आलीयत हो फोटोत," त्या म्हणाल्या.

रफूबाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांना लोक रफूबाई कधीपासून म्हणू लागले ते त्यांनाही आठवत नव्हतं. मावशीकडे रफू शिकल्या, लग्नानंतर तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. कपड्याच्याच आतल्या शिलाईतून धागे काढायचे आणि भिंगाखाली उभे-आडवे विणत भोक भरत आणायचं. बोटाएवढ्या भोकाला अर्धा दिवस जातो. काम झाल्यावर रफूबाई कपडा उजेडात धरायच्या, भोक कुठे होतं ते शोधायच्या, आणि त्यांना स्वतःला सापडलं नाही की मगच घडी घालायच्या.

पण नुसत्या हाताच्या कसबावर हा धंदा चालत नाही. त्याला तोंडही मिटलेलं लागतं. गिऱ्हाईक यायचं तेच पिशवी पोटाशी धरून, मागेपुढे बघत. "मैत्रिणीचा आहे हो स्वेटर," असं म्हणायचं. "मैत्रिणीला शुक्रवारी पाठवा," असं रफूबाई म्हणायच्या. नाव विचारायची पद्धत नव्हती. गाठोड्याला रंगीत दोरा बांधायचा, त्याचाच अर्धा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, संपलं. रस्त्यात समोरासमोर आले तरी गिऱ्हाईक ओळख दाखवायचं नाही, आणि रफूबाईही दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जायच्या. एका लग्नात त्यांना आपण केलेल्या आठ रफू एकाच हॉलमध्ये फिरताना दिसल्या होत्या. त्या खाली मान घालून जेवल्या आणि घरी आल्या.

अलीकडे मात्र लोक फाटलं की टाकून देऊ लागले होते. पूर्वी फळीवर वीस-बावीस गाठोडी असायची, यंदा नवावर आली. त्यातच चार महिन्यांपूर्वी यजमान पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाले आणि घरात ठाण मांडून बसले. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घातले. दुसऱ्या महिन्यात दूधवाल्याकडून पोच मागायला लागले. तेव्हा मुलीनं आईवर दया येऊन बापाचं नाव तीन दिवसांच्या एका शिबिरात घातलं. विषय होता, लहान व्यवसायांसाठी ऑनलाइन मार्केटिंग.

यजमान फाइल घेऊन परत आले आणि त्यांनी बायकोच्या रफूकामाचं पेज उघडलं. फ्रिजवर कागद चिकटला. 'रोज एक पोस्ट. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. ग्राहकाची गोष्ट सांगा. प्रत्येक कॉमेंटला एका तासात उत्तर द्या.' उत्तरं ते देत, पण कार्यालयातली भाषा काही सुटेना. कुणी 'मस्त काम' लिहिलं की खाली यायचं, 'आपल्या अभिप्रायाची नोंद घेण्यात आली आहे.' कुणी हसरा चेहरा टाकला तर, 'आपला चेहरा प्राप्त झाला.'

रफूबाई तिकडे फारसं लक्ष देत नव्हत्या. माणूस कामात आहे, डब्यांना हात लावत नाही, एवढंच त्यांना पुरेसं होतं. रोज सकाळी तो फळीजवळ मोबाइल घेऊन काय करतो ते बघायला हवं होतं, हे त्यांना बाण आल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील स्वतः आले. कोट अंगावरच होता.

"बाई, तेरा वर्षं येतोय मी तुमच्याकडे," ते म्हणाले. "काल युक्तिवादाला उभा राहिलो. न्यायाधीश बघतायत माझ्या कोपराकडे. समोरचा वकील कोपराकडे. अहो, माझा स्वतःचा अशील कोपराकडे!"

"पण दिसतं का काही?" रफूबाईंना राहवलं नाही.

वकिलांनी हात वाकवला. दोघं मिळून कोपर निरखू लागले. रफूबाईंनी भिंगसुद्धा आणलं.

"काहीच नाही," रफूबाई म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमान आलाच.

"तेच तर! काही दिसत नाही म्हणून लोक जास्त वेळ बघत बसतात!" वकिलांनी रफूला टाकलेली पँट तशीच परत मागून घेतली आणि मागच्या दारानं गेले.

यजमानांनी आतून सगळं ऐकलं होतं. माणूस वाईट नव्हता. चूक झाली तर ती रीतसर दुरुस्त करायची, हे चौतीस वर्षं अंगवळणी पडलेलं. कुणाला न सांगता ते टेबलाशी बसले, दोनदा कच्चा मसुदा केला, आणि दुपारी पेजवर प्रसिद्ध केलं:

'शुद्धिपत्रक. या पेजवर दिनांक सात रोजी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातील काळा कोट हा कोर्टामागे राहणाऱ्या कोणत्याही वकिलांचा नाही. तसेच त्यांच्या डाव्या कोपराशी या पेजचा काहीही संबंध नाही. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.'

सर्वांनी नोंद घेतली. ज्यांना बटणांवरून ओळख पटली नव्हती त्यांनाही आता पत्ता मिळाला.

मुलगी एका दंतवैद्याकडे नावं लिहून घ्यायच्या कामाला होती. ती संध्याकाळी चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, आज एका पेशंटनं खुर्चीत तोंड उघडं ठेवून मला विचारलं, वकिलांचं कोपर आता कसं आहे."

"मी खुलासा केलाय ना," यजमान म्हणाले.

"त्यामुळेच विचारलं."

दुसऱ्या सकाळपासून रफूबाईंच्या दाराशी माणसं येऊ लागली. न्यायला.

"झालं नसेल तरी चालेल हो. मैत्रिणीनं परत मागितलंय."

"चारच धागे राहिलेत. दुपारी या."

"राहू देत चार. भोक असलं तर असू दे, घरात घालीन."

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तर अर्धवट झालेला स्वेटर सुईसकट पिशवीत कोंबला. चार दिवसांत फळीवर दोन गाठोडी उरली, आणि त्यातलं एक घरच्या उशीचं होतं.

रफूबाई खिडकीपाशी रिकाम्या हातांनी बसल्या. असं बसायची त्यांना सवय नव्हती. गिऱ्हाइकं कमी झाली होती तेव्हा त्यांना काळजी वाटत होती, आता मात्र भीती वाटू लागली. लोक कपडे टाकायला लागले त्याला इलाज नव्हता. पण रफूबाईंकडे गेलं की बभ्रा होतो, हे एकदा पसरलं तर टेबल उचलून माळ्यावर टाकायचं, दुसरं काय? या हातांना तर दुसरं काही येत नव्हतं. आणि इतकी वर्षं एका शब्दानं बोलल्या नव्हत्या त्या. मावशीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं कोण येतं ते.

"मी पेज बंद करतो," यजमान दारात उभे राहून म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

रफूबाईंनी वर पाहिलं. गेले दोन महिने हा माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसत होता. दिवसातून चार लोक त्याला काहीतरी विचारत होते.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "घाईनं आणखी काही करू नका."

त्याच दुपारी एक अनोळखी बाई आल्या. दोन बस बदलून आल्या होत्या, घामाघूम. उंबऱ्याच्या आत मात्र येईनात. पिशवी पाठीमागे लपवलेली.

"पेजवर तुमचं काम पाहिलं," त्या म्हणाल्या. "फोटो मोठा करकरून पाहिला, माझ्या बहिणीनंही पाहिला. कुठे म्हणून कळत नाही! बाण नसता ना, तर आमचा विश्वासच बसला नसता."

रफूबाई उठून उभ्या राहिल्या. "या ना आत. बघू काय आहे."

"नको. म्हणजे, द्यायचाय, पण..." बाई घुटमळल्या. "मला बाणात यायचं नाही."

"नाही येणार. शब्द देते."

"तुमच्यावर विश्वास आहे हो. पण त्या पेजवरचे ते गृहस्थ? खुलासे लिहितात ते?"

"ते माझे यजमान."

"म्हणजे ते इथेच असतात?"

आणि नेमके तेव्हाच यजमान हातात मोबाइल घेऊन, चेहरा प्रसन्न करून आतून आले. "नमस्कार! आपण पेजवरून आलात का? आपला अनुभव दोन शब्दांत—"

बाईंनी पिशवी पोटाशी धरली आणि फाटकापर्यंत त्या अक्षरशः पळाल्या. साठीच्या तरी असतील. यजमान बघत राहिले.

"माझ्याकडे बघून पळाल्या का गं त्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," रफूबाई म्हणाल्या.

पण बोलताना त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. दोन बस बदलून आली होती बाई. बाण बघून आली होती. कामासाठी आली आणि आपला कपडा पेजवर दिसेल या भीतीनं गेली. रफूबाई खुर्चीत बसल्या, पुन्हा उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग हँगर सरकवल्याचा. बराच वेळ त्या आतच होत्या.

चहाच्या वेळी मुलगी घरी आली, तेव्हा आजी आणि बाबा टेबलाशी बसलेले होते. रफूबाई एका हातात राखाडी सूट आणि दुसऱ्या हातात कात्री घेऊन आल्या. सूट यजमानांनी निरोप समारंभासाठी शिवून घेतलेला, एकदाच अंगाला लागलेला.

"पेज बंद करायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाणही राहू दे. आणखी मोठा काढा."

"बघ, मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या.

"पण गिऱ्हाइकाचा एक धागासुद्धा यापुढे फोटोत येणार नाही. पेजवर कपडे दिसतील ते फक्त यांचे. भोक मी पाडीन, त्याचा फोटो, मग रफू मी करीन, त्याचा फोटो. आणि तो कपडा घालून हे स्वतः उभे राहतील. चेहऱ्यासकट."

"अगं, निदान हा सूट तरी—"

"यानंच सुरुवात. डावं कोपर."

मुलीनं चहाचा कप तोंडापुढे धरून हसू लपवलं. यजमान सुटाकडे बघत होते. मग त्यांनी काहीतरी विचार केला, शर्टाची कॉलर सरळ केली. "फोटो पूर्ण उंचीचा घ्यायचा की अर्धा?"

"कसाही घ्या. दर सोमवारी एक कपडा. पुरवायला कपाट भरलेलं आहे," रफूबाई म्हणाल्या. "शुद्धिपत्रक, खुलासा, प्रसिद्धिपत्रक, काहीही लिहायचं झालं तर आधी पोरीला दाखवायचं. आणि उद्यापासून दाराची कडी वाजली की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसायचं."