जाळीच्या घरातलं भात

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर पाटी सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. खरं तर कुणी वाचूच नये.

गोव्याचं राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी साखळीजवळ भाटकाराच्या, म्हणजे आमच्या जमीनदाराच्या, तळीकाठी सरकारी जाळीचं घर उभं राहिलं. तळी जलपर्णीने भरली होती. ती खाणारे भुंगे बाहेरून आणले होते. सोडण्याआधी ते भाताला तोंड लावतात का, हे बघायचं होतं. म्हणून त्या जाळीच्या पिंजऱ्यात नुसती भाताची रोपं आणि उपाशी भुंगे. मी पाणी घालायची. आत गेलं की दार लावून घ्यायचं, निघताना लुगडं झाडायचं. सगळा दिवस त्या उकाड्यात.

मजुरी भाटकाराच्या हातात जाई. नवऱ्याच्या आजारपणात आम्ही त्याच्याकडून पैसे घेतले होते. काम बंद पडलं तर फिटेपर्यंत मी त्याच्या घरी राबायचं, असं ठरलं होतं. त्या घरी बाईला वस्तीलाच राहावं लागे.

लावणीला बायकांनी मला घेतलं नाही. "गो, तुझ्या लुगड्याक किडे चिकटान येतले. तू तुझ्या भुंग्यांकच जेवूक घाल," म्हणून हसल्या.

गणपतीच्या चवथीनंतर एका सकाळी भाताची पानं कुरतडलेली दिसली. प्रयोग करणाऱ्या बेळगावकडच्या साहेबांनी पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, "बाई, भाताला लागले असतील तर सगळं जाळून टाकावं लागेल."

दारात उभा असलेला भाटकार मला म्हणाला, "फाल्यापासून आमगेर ये." उद्यापासून आमच्या घरी.

साहेब पिंजरा तपासत राहिले. आत दाराच्या चौकटीला नव्या भाताची कणसं बांधलेली होती. मीही ती रोज बघत होते, पण चवथीत प्रत्येक दाराला असतातच, म्हणून काही वाटलं नव्हतं. त्यांनी ती सोडली, तर मधे हिरव्या अळ्या. पानं भुंग्यांनी नाही, ह्या अळ्यांनी खाल्ली होती.

मी पाणी आणायला गेले असताना सासूने बांधली होती. विचारलं तर म्हणाली, "सगळ्या दारांक नवा बांधतत. ह्या दारान काय वाकडा केलेला?"

साहेबांनी प्रयोग पहिल्यापासून मांडला. पुन्हा जाळी, पुन्हा उपाशी भुंगे, उन्हाळ्यापर्यंत. माणसांशी बोलणं जवळजवळ सुटलं. भुंगे मेले, पण भाताला लागले नाहीत. नवीन भुंगे तळीत सोडले गेले आणि माझं काम संपलं.

शेवटच्या मजुरीतून भाटकाराने आपलं राहिलेलं कर्ज कापून घेतलं. उरलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "फिटले."